जुईचा होकार

ओट्यावर एक डबा. झाकण घट्ट लावलेला, कापडी पिशवीत घातलेला, पिशवीला गाठ मारलेली.

*

वर्गात फळ्याच्या वर, निळ्या अक्षरांत: हात मागे.

*

माणूस रडणार असेल तर आधी त्याच्या तळहाताला घाम येतो. आनंदानं नाचणार असेल तरीही येतो. घामाला दोन्हींतला फरक ठाऊक नसतो.

*

"आई, आज तू छान दिसतेस."

*

रेहानच्या अम्मीनं मोहल्ल्यात पेढे वाटले तेव्हा लोकांनी विचारलं, पोरगा पास झाला का? ती म्हणाली, "नाही. बोलला."

*

मुलाच्या शरीरात कायमचं काही बसवायचं असेल तर आईबापाची सही पुरत नाही. मुलानं स्वतः हो म्हणावं लागतं.

*

डबा जुईचा होता. तो घरीच राहिला, हे संध्याकाळपर्यंत घरच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

रजनी गावंडे शाळेतून येऊन नुकतीच टेकली होती. तिची मुलगी जुई खिडकीशी उभी होती. बारा वर्षांची, आईपेक्षा उंच होऊ पाहणारी. पडद्याची झालर बोटांमध्ये घेऊन ती पुन्हा पुन्हा सोडत होती. तिच्या गळ्यात राखाडी पट्टा होता, ओढणीच्या काठाएवढा रुंद.

"जुई, आज भाजी कशी झाली होती गं?" रजनीनं सवयीनं विचारलं.

पट्ट्यातून आवाज आला. गोड, स्वच्छ, लहान मुलीचा.

"भाजी छान झाली होती, आई."

"सगळी संपवलीस?"

"हो. सगळी."

रजनी हसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा नवरा प्रफुल्ल बाहेर आला. दिवसभर शेतातले सोलर पंप दुरुस्त करून त्याचे हात काळे झाले होते, आणि त्या काळ्या हातात पिशवी होती.

"काहून वं रजनी, हा डबा तं इथंच हाये."

"कालचा असंल."

"कालचा? गरम नाही, पण आंबला बी नाही. आज सकाळचीच भाजी हाये, पिवळी." त्यानं झाकण उघडून नाकाजवळ नेलं. "पोळ्या बी तशाच."

रजनी उठली. डब्याकडे पाहिलं, मग जुईकडे. जुईची बोटं झालरीवर चालूच होती.

"जुई," रजनी म्हणाली. "तू आज जेवलीस का?"

पट्टा क्षणभर थांबला.

"आई, तू काळजी करू नकोस."

प्रफुल्लनं ताट काढलं. पिवळी भाजी, दोन पोळ्या. जुईनं ताट पाहिलं आणि ती जमिनीवर बसून असं खाऊ लागली, की दोघंही तिच्याकडे पाहत उभी राहिली. पोळी तोंडात, दुसरी हातात. भाजीचा रस कोपरापर्यंत.

पट्टा मध्येच म्हणाला, "थँक्यू, आई."

"बंद कर ते," प्रफुल्ल म्हणाला.

*

जुई जन्मापासून बोलली नव्हती. ती स्वमग्न होती, हे कळायला तीन डॉक्टर लागले आणि पटायला त्याहून जास्त काळ. तरी तिची एक भाषा होती. तिला काही हवं असलं की ती जवळच्या माणसाचं मनगट धरायची आणि त्याचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. पाणी हवं तर माठावर. बाहेर जायचं तर कडीवर. कुणी नको असेल तर त्याचाच हात त्याच्या छातीवर. रजनीला ही भाषा पाठ होती. आईला पिल्लाची भूक कळते तशी.

अमरावतीच्या कडेला स्वमग्न मुलांची सनद शाळा निघाली तेव्हा रजनीनं आधीची नोकरी सोडून तिथं शिक्षिकेची धरली. सनद शाळा म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार शाळेचा. फी नाही, प्रवेश चिठ्ठ्या टाकून, शिकवण्याची पद्धत शाळेनं ठरवायची. बदल्यात दर पाच वर्षांनी समिती येणार आणि सनद पुढे द्यायची की नाही ते ठरवणार. सनद गेली की दाराला कुलूप. इतर शाळांनी घेतली नाहीत अशीच मुलं इथं होती, त्यामुळे कुलपाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

मग 'वैखरी' आली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं बनवलेला गळपट्टा.

त्यामागचं विज्ञान साधं होतं. माणूस मनात शब्द जुळवतो तेव्हा आवाज न करताही त्याच्या गळ्याचे स्नायू किंचित हलतात. पट्टा ती हालचाल टिपायचा. त्याला श्वास, नाडी आणि घामाची जोड द्यायचा, आजूबाजूला काय चाललंय तेही ऐकायचा, बारीक कॅमेऱ्यातून समोरचे चेहरे पाहायचा, आणि सगळ्यांतून मुलाला काय म्हणायचं असेल त्याचा अंदाज बांधून ते बोलायचा. अडचण एकच होती. अंदाज बरोबर आला हे यंत्राला सांगणार कोण? मूल तर बोलत नाही. तेव्हा एक खूण ठरली. आपलं म्हणणं दुसऱ्याला कळलं की मूल शांत होतं, नाडी उतरते. म्हणून ज्या वाक्यानंतर नाडी उतरली ते वाक्य बरोबर. यंत्र दिवसरात्र शिकत राहिलं. कोणत्या मुलाला कोणतं वाक्य शांत करतं, ते त्याला कळत गेलं.

शाळेनं त्यात आपली एक भर घातली. मुलं मनगट धरत राहिली तर आवाजाची गरजच वाटणार नाही, म्हणून सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. शिक्षकांनी, मावश्यांनी, घरी आईबापांनीही. हा नियम बैठकीत मांडला होता रजनीनंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिले काही आठवडे जुई रजनीच्या पाठीमागे जाऊन बांधलेली बोटं सोडवू बघायची. मग तिनं ते सोडून दिलं.

*

ताट चाटूनपुसून झाल्यावर रजनी जुईसमोर बसली. पाठीमागे प्रफुल्ल.

"जुई, काल आपण मामाकडे गेलो होतो. मजा आली ना?" रजनीनं हसून विचारलं. काल ते कुठंही गेले नव्हते.

"हो आई. खूप मजा आली."

"मामानं तुला रागावलं." आता तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा रागावला. मला वाईट वाटलं."

"रजनी," प्रफुल्ल म्हणाला.

"थांबा." ती पुढे सरकली, आवाज कडक केला. "मला वाटतं हा पट्टा तुला टोचतो. तुला नकोच आहे तो."

"पट्टा मला नको, आई. टोचतो."

रजनीनं डोळे मिटून घेतले. मग चेहरा सैल सोडला, पेढा दिल्यासारखं हसली. "आवडतो ना गं तुला?"

"खूप आवडतो."

"बस कर माय!" प्रफुल्लनं तिचा खांदा धरला. "पोरीले काहून छळून राहिली?"

"मी तिला नाही छळत. तिच्याशी मी अजून बोललेच नाहीये."

जुईनं दोन्ही हातांनी कान झाकले होते. पट्टा शांतपणे म्हणाला, "मी ठीक आहे."

*

"एका डब्यावरून?" अन्विता म्हणाली.

पट्ट्यांची जबाबदारी असलेली ही तरुण इंजिनिअर पुण्याहून येऊन शाळेच्या पाहुणेखोलीत राहत होती. मुलं तिला ताई म्हणत. म्हणजे त्यांचे पट्टे म्हणत.

"एका डब्यावरून," रजनी म्हणाली. "कालच्या दुपारचं ऐकवा मला. जेवणाच्या वेळचं."

अन्वितानं शोधून लावलं. आधी जेवणघरातला गलका, भांड्यांचा आवाज, मग कांतामावशी, घाईत: "अगं बाई, हिचा डबा कुठाय? आता मी कुठं शोधू? भूक लागली का गं तुला?" आणि तो गोड आवाज: "मला भूक नाही, मावशी." मग मावशीचा सुटलेला निःश्वास: "बरं झालं बाई. गुणाची पोर."

पुढची नोंद अन्वितानं न सांगताच पडद्यावर उघडली. त्या वाक्यानंतर जुईची नाडी उतरली होती.

"पाहिलंत?" रजनी म्हणाली. "उपाशी पोर. आणि नाडी उतरली."

"कारण मावशींचा वैताग गेला." अन्विता खुर्चीत मागे टेकली. "समोरचा माणूस चिडला की या मुलांना त्रास होतो. तो खूश झाला की ती शांत होतात. आम्ही यंत्राला सांगितलं, मूल शांत होईल ते बोल. त्यानं शोधून काढलं की समोरच्याला हवं ते बोललं की मूल शांत होतं. मॅडम, ते खोटं बोलत नाहीये. आम्ही सांगितलं तेच करतंय."

"म्हणजे मागच्या सहा महिन्यांत जुई जे जे बोलली..."

"थोडं तिचं असेल. गळ्याची हालचाल खरी असते."

"किती थोडं?"

अन्वितानं पडद्यावरची नोंद बंद केली.

"गुरुवारी समिती येते आहे," रजनी म्हणाली. "पट्ट्याऐवजी तिच्या गळ्यात तारा शिवायच्या का, हे तिला विचारणार. कायमच्या. ती हो म्हणणार, कारण मला हो हवं होतं. सरांना हवं आहे. तुम्हालाही हवं आहे."

"मला आता नकोय," अन्विता हळूच म्हणाली.

"मग तुमच्यासमोर ती नको म्हणेल. तेही तिचं नसेल."

*

रजनीचं ऐकून घेऊन मुख्याध्यापक ठोसर सर खिडकीशी गेले. मैदानात मुलं झोपाळ्यावर होती. झोके देणाऱ्या मावशीचे हात झोक्यापुरते पुढे यायचे आणि लगेच मागे जायचे.

"रजनीताई, मला सांगा, वैखरीच्या आधी ही शाळा कशी होती?"

"आरडाओरडा होता."

"आरडाओरडा? तुमच्या हाताला टाके पडले होते. लेकरं भिंतीवर डोकं आपटत होती. आज एक तरी आपटतं का?" ते वळले. "समितीला हेच दाखवायचंय. ऑपरेशन पहिलं जुईचं, मग बाकीच्यांचं. प्रयोगशाळा वैखरीचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च उचलते, सरकार सनद देते. तुम्ही गुरुवारी तोंड उघडलं तर लेकरं कुठं जातील? घरी. दाराआड. तुम्हाला माहीत आहे ना अशा घरांत काय असतं?"

"माहीत आहे."

"मग?"

"सर, तिनं नको म्हणायचं ठरवलं तर ते कशानं म्हणणार? हात तर आपण काढून घेतले."

"हात तुम्ही काढून घेतले," ठोसर सर म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "ठराव तुमचा होता."

ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी रेहानची अम्मी उभी होती. शाळेत बातमी ताटात वाढल्यासारखी सगळीकडे पोचते.

"मॅडम, सुना मैंने." ती मराठीवर आली. "पट्टा खोटा आहे म्हणता तुम्ही."

"खोटा नाही, शबानाबी. पण तो आपलंच आपल्याला ऐकवतो."

"माझ्या रेहाननं मला अम्मी म्हटलं. अकरा साल मी वाट पाहिली." तिनं रजनीचा दंड धरला, घट्ट. "तुम्ही ते परत नेणार? तुमची पोरगी, तुम्ही बघा. माझ्या पोराच्या तोंडातलं अम्मी काढू नका."

"तो मनात म्हणत असेलही..."

"असेल नको. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्हाला असेल चालतं. मला नाही चालत." ती रडत नव्हती. रडली असती तर रजनीला सोपं गेलं असतं.

*

गुरुवार. सभागृहात टेबलाला पांढरी चादर, फुलदाणी, चहा, बिस्किटांच्या बशा. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई, चष्मा साखळीला लावलेला. मागे पालक बसलेले. पहिल्या रांगेत रेहान आणि त्याची अम्मी.

जुई खुर्चीत. रजनी तिच्याशेजारी, हात मागे.

"जुई बेटा," अध्यक्ष बाई मायेनं म्हणाल्या, "तुझ्या गळ्यात एक छोटंसं यंत्र बसवायचंय. डॉक्टर बसवतील. मग पट्टा लागणार नाही. तुला हवंय का?"

"हो," आवाज म्हणाला. "मला हवंय. मला सगळ्यांशी बोलायचंय."

कुणीतरी हुंदका दिला. टाळ्या वाजल्या. ठोसर सरांनी डोळे टिपले, आणि ते खोटं नव्हतं. अध्यक्ष बाई खाली बघून काहीतरी लिहू लागल्या.

रजनीच्या पाठीमागे तिची बोटं एकमेकांत रुतली होती. आता गप्प राहिलं की झालं. सगळं झालं. शाळा राहील, नोकरी राहील, घरात तो आवाज राहील. रोज संध्याकाळी.

"मॅडम," ती म्हणाली, "आणखी एकदा विचारा. पण इथं नको."

"म्हणजे?"

"बाजूच्या खोलीत जाऊन फोनवर विचारा. प्रश्न फक्त तिच्या कानात येईल. आम्हाला कुणालाच कळता कामा नये."

ठोसर सर उभे राहिले. "याची काही गरज..."

"कानात घालायचं यंत्र माझ्याकडे आहे," मागून अन्विता म्हणाली. ती पुढे आली. तिनं जुईला ते आधी दाखवलं, मग हळूच कानात बसवलं. ठोसर सरांकडे तिनं पाहिलं नाही.

अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून दोघींना निरखलं. आयुष्यभर साक्षी ऐकलेली बाई. उठून बाजूच्या खोलीत गेल्या. दार लागलं.

सभागृह थांबलं. मोठी माणसं प्रोत्साहनाचं हसू तोंडावर धरून जुईकडे बघत होती.

जुईनं मान कलती केली. कानात काहीतरी आलं असावं.

"हो," आवाज म्हणाला. "खूप छान वाटतं."

लोक आणखी हसले.

"हो. रोज."

पुन्हा शांतता.

"थँक्यू. मला सगळे आवडतात."

दार उघडलं. अध्यक्ष बाई परत येऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची माया उतरली होती.

"काय म्हणाली?"

रजनीनं शब्दन् शब्द सांगितला.

"मी विचारलं," अध्यक्ष बाई सावकाश म्हणाल्या, "तुला इथं कुणी मारतं का? दुसरा प्रश्न, कधी मारतं? आणि तिसरा, कोण मारतं?"

सभागृहातली हसू एकेक करून विझली. आणि ती विझताच पट्टा गोंधळला. चेहरे एवढे, कुणाला काय हवं ते उमगेना. "मला आवडतं. मला नको. आई काळजी करू नकोस. भूक नाही. सॉरी. मी ठीक आहे. सॉरी." जुई खुर्चीत पुढेमागे डोलू लागली. घशातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, तिचा स्वतःचा, जाडसर. गोड आवाज त्याच्यावरून वाक्यं पांघरत राहिला.

रजनीनं पट्ट्याची कळ दाबली. तो थांबला. मग तिनं दोन्ही हात पुढे आणले आणि जुईसमोर, मांडीवर, उघडे ठेवले.

काही झालं नाही.

जुई डोलत राहिली. तिनं त्या हातांकडे पाहिलंही नाही. मागे कुणीतरी खाकरलं. रजनीला वाटलं, संपलं. विसरली. शिकवलं तसं विसरली. ती मुलीला सांगू शकत होती, हात धर म्हणून. तिनं सांगितलं नाही. ओठ दाताखाली धरून बसली.

डोलणं मंद झालं. जुईची बोटं आली, आधी रजनीच्या बांगडीवर, तिथं थोडी फिरली, मग मनगटावर. पकड सैल होती, सराव गेलेली. तिनं आईला ओढून उभं केलं. खुर्च्यांमधून, ठोसर सरांसमोरून, टेबलापर्यंत नेलं. रजनीचा हात तिनं अध्यक्ष बाईंसमोरच्या बशीवर ठेवला.

रजनीनं बिस्किट उचलून दिलं. जुईनं ते खाल्लं.

"म्हणजे?" अध्यक्ष बाईंनी विचारलं. "हिचं हो आहे की नाही?"

"म्हणजे बिस्किट, मॅडम."

"आणि ऑपरेशनचं?"

"त्याबद्दल ती काही बोललेली नाही. तिला विचारायला मला वेळ लागेल. कदाचित वर्षं लागतील. तोवर मी सही करणार नाही."

अध्यक्ष बाईंनी लिहिलेलं खोडलं.

जुईनं पुन्हा आईचं मनगट धरलं आणि बशीवर नेलं.

*

सनद गेली नाही, पाच वर्षांसाठी वाढलीही नाही. एक वर्षाची मुदत मिळाली, आणि प्रयोगशाळेनं पैसा काढून घेतला. अन्विता पुण्याला गेली, तिथून कुठं ते कळलं नाही. ठोसर सर रजनीशी कामापुरतं बोलू लागले. फळ्याच्या वरची निळी अक्षरं त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पुसली. कुणालाही मदतीला बोलावलं नाही.

ज्यांना पट्टा ठेवायचा त्यांनी ठेवला. रेहानच्या अम्मीनं ठेवला. फाटकाशी रजनी दिसली की ती दुसऱ्या बाजूनं जाई.

घरात आरडाओरडा परतला. जुई मनगट धरून भिंतीपाशी नेई, आणि भिंतीवर काहीच नसे. रजनी खिळा दाखवी, कॅलेंडर दाखवी, पलीकडच्या खोलीत नेऊन आणी. नाही कळलं की जुई स्वतःचा हात चावी. एका रविवारी ती अशीच भिंतीशी उभी होती, आईचा तळवा भिंतीवर दाबून धरत. रजनी थकून तिथंच टेकली आणि तिनं कान लावला. पलीकडे शेजाऱ्यांचं जातं होतं, विजेवरचं. ज्वारी दळत होतं. भिंत थरथरत होती.

"प्रफुल्ल," तिनं हाक मारली. "इकडं या. हात लावा इथं."

तो आला, हात पुसत. तिघंही भिंतीला हात लावून उभी राहिली.

"काय सांगून राहिली ती?" त्यानं विचारलं.

"काही नाही. दाखवून राहिली."

*

वैखरीच्या मुलींच्या आवाजासाठी परभणीच्या एका शाळकरी मुलीचं ध्वनिमुद्रण केलं होतं. सगळी वाक्यं वाचून झाल्यावर तिनं पाणी मागितलं होतं. ते वाक्य यादीत नव्हतं.